रक्तावरची साय: दाह आणि गुठळी यांची अडीचशे वर्षांची कथा

अठराव्या शतकातील लंडन. एखाद्या गृहस्थाला न्यूमोनिया झाला की वैद्य येई, दंडाला फीत आवळून बांधी, कोपराच्या खळग्यातील शीर छोट्या पात्याने उघडी आणि वाहणारे रक्त वाडग्यात धरी. वाडगा बाजूला ठेवून काही वेळाने तो पुन्हा तपासला जाई. निरोगी माणसाचे रक्त गोठते तेव्हा गुठळी वरपासून खालपर्यंत लाल दिसते. या रुग्णाच्या रक्तावर मात्र फिकट पिवळसर, चिवट अशी साय धरलेली असे. तिला लॅटिनमध्ये 'दाहाची खपली' अशा अर्थाचे नाव होते. साय जाड म्हणजे दाह मोठा. आणि दाह मोठा म्हणजे आणखी रक्त काढायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाडगा, पुन्हा साय, पुन्हा पाते.

मित्रहो, आजचा धागा या सायीचा आहे. थोडा लांब आहे, पण लंडनच्या त्या वाडग्यापासून २०२१ साली आपल्या घराघरांत पोहोचलेल्या 'डी-डायमर'च्या अहवालापर्यंत तो सलग जातो.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. दाह म्हणजे इजा किंवा जंतू यांना शरीराने दिलेले उत्तर. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने त्याची चार लक्षणे सांगितली होती: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. रक्त गोठणे म्हणजे वाहते रक्त घट्ट होऊन भोक बुजणे. शालेय पुस्तकात हे दोन वेगळे धडे असतात. शरीरात मात्र हे दोघे एकमेकांना चिथावणारे सख्खे शेजारी आहेत: दाह पेटला की रक्त गोठू लागते आणि रक्त गोठू लागले की दाह अधिक भडकतो. वैद्यकाने हे नाते आधी धूसरपणे ओळखले, मग ठरवून तोडले आणि शेवटी मोठ्या कष्टाने पुन्हा जोडले. या तिन्ही टप्प्यांत चुकीची किंमत रुग्णांनी मोजली.

सायीचे गूढ पहिल्यांदा गांभीर्याने हाताळले ते विल्यम ह्यूसन या तरुणाने. १७३९ साली इंग्लंडच्या उत्तरेकडील हेक्सम येथे जन्मलेला ह्यूसन लंडनला येऊन विल्यम आणि जॉन हंटर या बंधूंच्या हाताखाली शरीररचनाशास्त्र शिकला. रक्त का गोठते, यावर त्या काळी तर्कांची चैन होती. कोणी म्हणे, ते थंड होते म्हणून. कोणी म्हणे, वाहायचे थांबते म्हणून. कोणी म्हणे, हवा लागते म्हणून. ह्यूसनने तर्क बाजूला ठेवले आणि रक्तच थिजवून पाहिले. थिजलेले रक्त पुन्हा वितळले तेव्हा ते आधी द्रव झाले आणि नंतर रीतसर गोठले. म्हणजे थंडी गोठण्याचे कारण नव्हती. उलट ती गोठणे लांबवत होती.

मग त्याने रक्तात एक क्षार मिसळला. त्याने गोठणे थांबले, तांबडे कण सावकाश तळाशी बसले आणि वर स्वच्छ पिवळसर द्रव उरला. हा द्रव वेगळा काढून त्यात पाणी घालताच तो गोठला, आणि त्यात एकही तांबडा कण नव्हता. १७७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात निष्कर्ष स्पष्ट आहे: गोठणारा पदार्थ तांबड्या कणांत नसून द्रवात विरघळलेला असतो. आज आपण त्याला फायब्रिनोजेन म्हणतो. वाडग्यातील साय ही याच पदार्थाची. दाहाच्या रुग्णात तांबडे कण रक्त गोठण्याआधीच खाली बसून जातात आणि वरचा रिकामा थर एकटाच गोठतो. कण एवढ्या लवकर का बसतात, याचे ह्यूसनचे उत्तर मात्र अर्धेच होते. त्याला वाटे की दाहात हा द्रव पातळ होतो आणि उशिरा गोठतो.

ह्यूसनच्या आयुष्याला बेंजामिन फ्रँकलिनचा एक धागाही जोडलेला आहे. ह्यूसनची पत्नी पॉली ही फ्रँकलिन ज्यांच्याकडे भाड्याने राहत होता त्या घरमालकिणीची मुलगी. क्रेव्हन स्ट्रीटवरील त्याच घरात ह्यूसनने स्वतःची शरीररचनेची शाळा चालवली. १९९८ साली त्या घराच्या दुरुस्तीत तळघराखाली माणसांच्या हाडांचे बाराशेहून अधिक तुकडे सापडले आणि काही दिवस वर्तमानपत्रांत फ्रँकलिनवर नाना संशय घेतले गेले. ती हाडे ह्यूसनच्या विच्छेदनातील होती. शेवटी त्याचा जीव घेतला तोही विच्छेदनानेच. शव फाडताना हाताला जखम झाली, विष अंगात भिनले आणि १ मे १७७४ रोजी वयाच्या चौतिसाव्या वर्षी तो गेला. रक्त कसे गोठते हे जगाला दाखवणारा माणूस ज्या सेप्सिसने गेला, त्या सेप्सिसमध्ये शरीरभर नेमके काय गोठत असते हे कळायला आणखी दोन शतके लागायची होती.

ह्यूसननंतर सूत्र जॉन हंटरच्या हाती आले. युद्धात सैन्याबरोबर राहून त्याने असंख्य जखमा पाहिल्या होत्या. त्याचा रक्त, दाह आणि बंदुकीच्या जखमा यांवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७९४ साली प्रसिद्ध झाला. तीन विषय एकाच ग्रंथात असणे हा योगायोग नव्हे. दाह झालेल्या भागातून गोठणारा द्रव झिरपतो, तो शेजारचे पडदे एकमेकांना चिकटवतो आणि त्यामुळे पू पसरत नाही, हे हंटरने ओळखले होते. म्हणजे गुठळी ही केवळ भोकाला लावलेले बूच नव्हे. ती शत्रूला कोंडणारी भिंतही आहे. ही कल्पना आजच्या संशोधनाच्या किती जवळ जाते, हे पुढे दिसेलच.

हंटरने आणखी एक अडचणीची गोष्ट नोंदवली. रक्त काढण्यासाठी उघडलेली शीरच कधी कधी सुजते, आतून तिचा दाह होतो, तिच्यात गुठळ्या आणि पू साचतो आणि रुग्ण दगावतो. ज्या दाहावर उपाय म्हणून पाते चालवायचे, तो दाह पाते स्वतःच आणत होते! तरीही रक्त काढणे थांबले नाही. पुढे १८३५ साली पॅरिसच्या पिएर लुई याने न्यूमोनियाचे रुग्ण चक्क मोजून दाखवले की या उपायाचा लाभ नगण्य आहे. तरीही प्रथा कित्येक दशके रेंगाळली.

पॅरिसमध्येच १८४० साली आंद्राल आणि गाव्हारे या जोडीने सायीचे उत्तर तराजूत टाकले. काढलेल्या रक्तातील फायब्रिन वेगळे करायचे, वाळवायचे आणि तोलायचे, असे काम त्यांनी शेकडो वेळा केले. निरोगी रक्तात हजार भागांत सुमारे तीन भाग फायब्रिन मिळे. न्यूमोनिया किंवा तीव्र सांधेदुखीत ते दुप्पट-तिप्पट होई. द्रव पातळ झालेला नव्हता, तर गोठणारे द्रव्य वाढलेले होते. आज आपण कारणही सांगू शकतो: दाहाचे संदेश यकृताला पोहोचतात आणि यकृत अधिक फायब्रिनोजेन रक्तात सोडते. फायब्रिनोजेन वाढले की तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर रचल्या जातात, चळती जड होतात आणि भराभर तळाला जातात.

पण त्याच काळात पॅरिसमध्ये एक मत टोकाला गेले. जाँ क्रुव्हेलिए हा त्या काळातील नामांकित विकृतिशास्त्रज्ञ. प्रसूतीनंतर तापाने मेलेल्या स्त्रियांची, शस्त्रक्रियेनंतर दगावलेल्या सैनिकांची शवे तो फाडी आणि त्याला शिरांत गुठळ्या व पू आढळे. हंटरच्या निरीक्षणावरून त्याने सिद्धान्त मांडला की शिरेच्या आतल्या अस्तराचा दाह हेच बहुतेक रोगांचे मूळ आहे आणि गुठळी हा त्या दाहाचा परिणाम. दाह आधी, गुठळी नंतर, सदासर्वदा.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात हा सिद्धान्त तपासण्याचे काम एका नव्या सहायकाला मिळाले. त्याचे नाव रुडॉल्फ फिर्खो. (१८४८ साली बर्लिनच्या रस्त्यांवर अडथळे रचणारा, साथीच्या रोगांचे मूळ गरिबीत आहे असे सरकारला सुनावणारा फिर्खो तो हाच. त्याच्या राजकारणावर स्वतंत्र धागा लिहिता येईल.)

फुप्फुसाच्या धमनीत सापडणारी गुठळी तिथेच तयार झालेली असते, हे फिर्खोला पटेना. ती आढळे तेथील धमनीची भिंत बहुधा निर्दोष असे, आणि तीच गुठळी पायाच्या शिरेतील गुठळीच्या तुटलेल्या टोकाशी जुळे. त्याने कुत्र्यांच्या मानेच्या शिरेत रबराचे तुकडे सोडले. तुकडे हृदयातून वाहत जाऊन फुप्फुसाच्या धमनीत अडकलेले सापडले. 'थ्रॉम्बोसिस' आणि 'एम्बोलिझम' हे आज आपल्या मराठी बोलण्यातही रुळलेले शब्द त्यानेच दिले. त्याचा निर्णय क्रुव्हेलिएच्या नेमका उलट होता: बहुतेक वेळा गुठळी आधी होते, आणि तिच्याभोवती दिसणारा दाह हा नंतरचा परिणाम असतो.

माझ्या मते वैद्यकाच्या इतिहासातील हा एक मोठा विजय होता आणि त्याचबरोबर एका दीर्घ विस्मृतीची सुरुवातही. पाय मोडून अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या गुठळीबाबत फिर्खो बरोबर होता. बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रीच्या गुठळीबाबत क्रुव्हेलिएचे म्हणणे खरे होते. तिच्यात जंतू आणि दाह आधी आले होते. मार्च १८४७ मध्ये व्हिएन्नात शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या सुरीने जखमी होऊन मेलेल्या प्राध्यापक कोलेच्काच्या शवातही त्याच हाताच्या शिरांचा दाह आढळला होता. इग्नाझ झेमेलवाइसला बाळंतज्वराचे कोडे उलगडले ते याच शवाच्या वर्णनावरून. पण वैद्यकीय वादात एक पक्ष जिंकला की दुसऱ्या पक्षाचे बरोबर निरीक्षणही त्याच्याबरोबर गाडले जाते. पुढच्या पिढ्यांनी सोपी वाटणी केली. गुठळी रक्तविकारांच्या विभागात गेली, दाह विकृतिशास्त्राच्या. दोन विभाग, दोन ग्रंथ, दोन परिषदा.

वाटणी झाली तरी पुरावे सीमा ओलांडतच राहिले. १८६७ साली फिर्खोचाच शिष्य युलियस कोनहाइम याने जिवंत बेडकाच्या आतड्याचा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरला आणि दाहात पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून, तिच्यातून वाट काढत बाहेर पडताना पाहिल्या. १८८२ साली तुरिनच्या जुलिओ बिझ्झोझेरो याने प्लेटलेट हे स्वतंत्र घटक असून जखमी भिंतीला प्रथम तेच चिकटतात, हे दाखवले. एकीकडे पांढरी पेशी भिंतीला चिकटते आणि दाह सुरू होतो; दुसरीकडे प्लेटलेट भिंतीला चिकटते आणि गुठळी सुरू होते. दोन्ही नाटकांचा रंगमंच एकच: रक्तवाहिनीचे आतले अस्तर.

विस्मृतीत गेलेली सायही परत आली, ती काचेच्या नळीतून. १८९७ साली पोलंडच्या एडमुंड बिएर्नात्स्की याने, आणि त्यानंतर १९१८ साली स्वीडनच्या रॉबिन फोरेउस याने तांबड्या पेशी तळाशी बसण्याचा वेग मोजला. फोरेउसला आधी वाटले की ही गरोदरपणाची चाचणी ठरेल, कारण गर्भवतीच्या रक्तातही फायब्रिनोजेन वाढते. लवकरच लक्षात आले की क्षयापासून सांधेदुखीपर्यंत दाहाच्या कितीतरी रोगांत हा वेग वाढतो. फोरेउस इतिहासाचा रसिक होता. प्राचीन ग्रीकांची चार द्रवांची कल्पना थर धरून बसलेल्या रक्ताकडे पाहूनच सुचली असावी, असे त्याने मांडले. त्याचाच देशबांधव वेस्टरग्रेन याने १९२१ मध्ये नळीची पद्धत ठरवली आणि आपल्याला ईएसआर मिळाला. आपल्या तालुक्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये एका तासात किती मिलिमीटर, असा जो आकडा छापून येतो, तो म्हणजे लंडनच्या वैद्याचा वाडगाच आहे, फक्त अरुंद केलेला.

आता प्रयोगशाळेतील सर्वांत विलक्षण घटनेकडे. १९२० च्या दशकात रोममधील सानारेली आणि न्यूयॉर्कमधील ग्रेगरी श्वार्ट्झमन यांनी सशांवर स्वतंत्रपणे जवळजवळ एकच गोष्ट पाहिली. श्वार्ट्झमनने सशाच्या त्वचेत जंतूंच्या गाळलेल्या द्रवाचा छोटा डोस टोचला. फारसे काही झाले नाही. साधारण एक दिवसाने त्याने तसाच डोस शिरेतून दिला. काही तासांत आधी टोचलेली जागा काळीनिळी पडली आणि मृत झाली. सूक्ष्मदर्शकाखाली तेथील बारीक रक्तवाहिन्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांच्या गुठळ्यांनी ठासून भरल्या होत्या. जिवंत जंतू तेथे नव्हतेच. ससा जंतूंनी मेला नव्हता. जंतूंच्या चाहुलीला त्याच्या शरीराने दिलेल्या उत्तराने तो मारला जात होता.

१९५० च्या सुमारास रॉबर्ट गुड आणि लुईस थॉमस यांनी या प्रयोगाला दोन बाजूंनी छेद दिला. (थॉमस पुढे विज्ञानाचा ललित निबंधकार म्हणून प्रसिद्ध झाला.) त्यांनी एका गटातील सशांच्या पांढऱ्या पेशी नायट्रोजन मस्टर्ड या युद्धवायूच्या कुळातील औषधाने आधीच नष्ट केल्या, तेव्हा ही प्रतिक्रिया झाली नाही. दुसऱ्या गटाला रक्त गोठू न देणारे हेपॅरिन दिले, तेव्हाही ती झाली नाही. दाहाचा हात बांधा किंवा गुठळीचा, परिणाम एकच. दोन विभागांत वाटलेली गोष्ट मुळात अविभाज्य आहे, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा ठाऊक नाही. १९६५ साली डोनाल्ड मके याने यावर पुस्तक लिहिले आणि गंभीर जंतुसंसर्गात, प्रसूतीच्या गुंतागुंतीत साऱ्या देहभर सूक्ष्म गुठळ्या होण्याच्या अवस्थेला वैद्यकात स्वतंत्र स्थान मिळाले. आजचे डॉक्टर तिला 'डीआयसी' म्हणतात. तिची क्रूरता अशी की गुठळ्यांत सारे गोठण-द्रव्य संपून जाते आणि मग तोच रुग्ण रक्तस्रावाने मरू लागतो.

हे नाते आले कोठून? उत्तर समुद्रकिनाऱ्यावर सापडले. अमेरिकेतील वुड्स होल येथे फ्रेडरिक बँग हा संशोधक हॉर्सशू क्रॅबवर, म्हणजे घोड्याच्या नालेसारख्या कवचाच्या प्राण्यावर प्रयोग करत होता. या प्राण्याचे कूळ सुमारे पंचेचाळीस कोटी वर्षे जुने, रक्त तांब्यामुळे निळे. आपल्याकडे ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर त्याचे भाऊबंद आढळतात. १९५६ साली बँगने नोंदवले की समुद्रातील विशिष्ट जंतू टोचले की याचे अंगातील रक्त गोठते, आणि जंतू उकळून मारलेले असले तरी गोठते. पुढे जॅक लेव्हिन याच्यासह त्याने दाखवले की जंतूंच्या आवरणातील विषारी अंश हाच त्यामागचा चिथावणीखोर. या प्राण्याच्या रक्तात एकाच प्रकारची पेशी जंतूंना ओळखते आणि गुठळीही तीच करते. गुठळी ही त्याची तटबंदी आहे. जंतू तिच्यात अडकतो. हंटरची 'कोंडणारी भिंत' ती हीच. आपल्या देहात पुढे कामे वाटली गेली, पेशी वेगळ्या झाल्या, पण जुनी सोयरीक सुटली नाही. या निळ्या रक्तापासून बनवलेल्या चाचणीने गेली कित्येक दशके लसी आणि शिरेतून द्यायची औषधे जंतुविषापासून शुद्ध आहेत की नाहीत, हे तपासले जाते.

मानवी रक्तातील दुवा एका रेल्वे कर्मचाऱ्यामुळे हाती लागला. क्लीव्हलँडच्या जॉन हेगमनचे रक्त शस्त्रक्रियेपूर्व तपासणीत काचेच्या नळीत गोठेचना; पण त्याला आयुष्यात कधी अनावर रक्तस्राव झालेला नव्हता. ऑस्कर रॅटनॉफने १९५५ मध्ये शोधले की त्याच्यात एक घटक जन्मतःच नाही. तो घटक आज 'हेगमन फॅक्टर' किंवा बारावा घटक म्हणून ओळखला जातो. हा घटक जागा झाला की दोन साखळ्या एकदम सुटतात: एक गोठण्याची आणि दुसरी ब्रॅडिकिनिन तयार करणारी. ब्रॅडिकिनिन म्हणजे १९४९ साली ब्राझीलमध्ये सर्पविषाच्या अभ्यासातून सापडलेला, रक्तवाहिन्या सैल करून सूज आणि वेदना आणणारा पदार्थ. सेल्ससच्या चार लक्षणांपैकी दोन त्याच्या खात्यावर आहेत. दैवाचा खेळ पाहा: ज्याचे रक्त नळीत गोठत नव्हते तो हेगमन १९६८ साली कटीराचे हाड मोडून पडून राहिला असता फुप्फुसात अडकलेल्या गुठळीनेच गेला. रक्तवाहिनीतील गुठळीला या घटकावाचूनही वाटा होत्या.

त्या वाटा पुढील तीन दशकांत उघडल्या. थोडक्यात सांगतो. जंतुविष किंवा दाहाचे संदेश पोहोचले की पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर 'टिश्यू फॅक्टर' नावाचे प्रथिन उगवते. त्यानेच गोठण्याची ठिणगी पडते. अस्तराचा गोठू न देणारा थर याच वेळी झडतो आणि झालेली गुठळी विरघळवण्याचे यंत्रही मंदावते. ही झाली दाहाकडून गुठळीकडे जाणारी वाट. उलट वाट थ्रॉम्बिनची. फायब्रिन विणणारे हे द्रव्य पेशींवरील एका खास ग्राहकालाही छेडते आणि पेशींना दाहाचे संदेश सोडायला लावते. तो ग्राहक १९९१ मध्ये सापडला. चक्र पूर्ण झाले.

चक्र समजले की ते तोडण्याचा मोह होणारच. रक्तातील 'प्रोटीन सी' हे नैसर्गिक लगाम आहे. जागे झाल्यावर ते गोठणे आवरते आणि दाहही शमवते. १९८७ साली जंतू टोचलेल्या बबून माकडांना ते आधी दिले तेव्हा ती वाचली. त्यावरून तयार झालेले 'झिग्रिस' हे औषध १६९० सेप्सिसग्रस्त रुग्णांवर तपासले गेले. २००१ साली निकाल आला: साध्या उपचारात मृत्यू ३०.८ टक्के, औषधाच्या गटात २४.७ टक्के. गंभीर रक्तस्राव मात्र २ वरून ३.५ टक्क्यांवर गेला. ह्यूसनला मारणाऱ्या रोगावर शेवटी औषध मिळाले, अशी हवा झाली. मग शंका आल्या, नवी मोठी चाचणी झाली आणि त्यात औषध घेतलेल्यांचे मृत्यू २६.४ टक्के, न घेतलेल्यांचे २४.२ टक्के असा काहीच लाभ नसल्याचा निकाल लागला. ऑक्टोबर २०११ मध्ये औषध जगभरातून मागे घेण्यात आले. वैद्याला वाडग्यात साय दिसत होती, तशीच या मंडळींना यंत्रणा लख्ख दिसत होती. पण माकडाला औषध जंतूबरोबर मिळाले होते, आणि माणूस रुग्णालयात पोहोचतो तो भिंत बरीच उभी राहिल्यावर. काही गुठळ्या त्याला मारत असतात, तर काही जंतूला कोंडून ठेवत असतात. औषधाला हा भेद कळत नाही.

त्या भिंतीचे सर्वांत नाट्यमय चित्र २००४ साली बर्लिनमध्येच दिसले. तेथील माक्स प्लांक संस्थेत झिखलिन्स्की आणि ब्रिंकमन यांनी दाखवले की पांढऱ्या पेशींतील न्यूट्रोफिल जंतू दिसला की स्वतःचा डीएनए उसवून जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि त्यात जंतू अडकतात. काही वर्षांनी लक्षात आले की याच जाळ्यांवर प्लेटलेट आणि फायब्रिनही अडकतात आणि गुठळी धरते. २०१३ साली म्युनिकच्या एंगेलमन आणि मासबर्ग यांनी या संपूर्ण व्यवहाराला 'इम्युनोथ्रॉम्बोसिस' असे एकच नाव दिले: संरक्षणासाठी केलेली गुठळी. फिर्खोने सोडवलेली गाठ त्याच्याच देशात पुन्हा बांधली गेली.

सात वर्षांनी या शब्दाची परीक्षा झाली. कोविडच्या पहिल्या महिन्यांत वुहानच्या डॉक्टरांनी नोंदवले की ज्यांचे डी-डायमर वाढलेले असते ते अधिक दगावतात. डी-डायमर म्हणजे तुटलेल्या फायब्रिनचा तुकडा. शरीरात कोठेतरी गुठळी होऊन विरघळते आहे, याची राख. शवविच्छेदनात कोविडग्रस्त फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत इन्फ्लुएंझाच्या मानाने नऊपट सूक्ष्म गुठळ्या आढळल्या. २०२१ च्या उन्हाळ्यात पुण्या-मुंबईपासून गावखेड्यांपर्यंत लोक सीआरपी आणि डी-डायमरचे आकडे एकमेकांना फोनवर वाचून दाखवत होते. एक आकडा दाहाचा, दुसरा गुठळीचा, कागद एकच.

उपचारही दोन्ही बाजूंनी झाले. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीने दाखवले की डेक्सामेथासोन हे स्वस्त, दाह शमवणारे औषध व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवते. मग हेपॅरिनची पाळी आली. हे औषध ज्या मास्ट पेशींत साठलेले असते त्या दाहाच्याच पेशी आहेत, हे स्टॉकहोममध्ये १९३७ सालीच दिसले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये दोन निकाल एकाच दिवशी प्रसिद्ध झाले. सामान्य कक्षातील दोन हजारांहून अधिक रुग्णांत पूर्ण मात्रेतील हेपॅरिनने लाभ झाला. अतिदक्षता विभागातील हजारभर रुग्णांत त्याच औषधाने, त्याच मात्रेत, काहीही लाभ झाला नाही. त्यांची भिंत तोवर उभी राहून गेली होती.